पूर्ण एक मिनिट

किनवट तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम मोबाइलकडे नंतर बघतात, आधी रुग्णाच्या छातीकडे. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंदांचे श्वास मोजून चारने गुणले की आकडा फसतो. श्वास मोजतोय असं सांगितलं, तर माणूस श्वासच बदलतो. म्हणून नाडी बघतोय असं भासवत मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. मग ऑक्सिमीटर. बोटं गार असतील तर आधी चोळायची आणि आकडा स्थिरावल्याशिवाय लिहायचा नाही. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, त्यामुळे ९४ दिसले तरी त्या धाप बघायची सोडत नाहीत.

एवढं झालं की ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवर शहरातल्या डॉक्टरांना जोडायचं. ही सेवा नोव्हेंबर २०१९मध्ये सुरू झाली. २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी, पडद्यावरची तपासणी पुरे की रुग्णाला समोर बोलवायचं, हा निर्णय डॉक्टरांवर सोपवला.

तो निर्णय छातीच्या डॉक्टरांना सोपा जात नाही. नांदेडचे एक ज्येष्ठ तज्ज्ञ नवा रुग्ण पडद्यावर घ्यायला राजी नसतात. दम लागतो तो दम्यामुळे, हृदय थकल्यामुळे की क्षयामुळे, हे छातीला स्टेथोस्कोप लावल्याशिवाय, एक्स-रे आणि थुंकी तपासल्याशिवाय कसं सांगणार? मला त्यांचं पटतं.

लातूरच्या एक तरुण डॉक्टर मात्र जुन्या रुग्णांची फेरतपासणी आवर्जून व्हिडिओवर करतात. सोयाबीनची मळणी सुरू झाली की धुरळ्यानं दमेकऱ्यांचा त्रास वाढतो, आणि नेमकं तेव्हाच मजुरी बुडवून शहरात येणं परवडत नाही. "आजी, पंप माझ्यासमोर घ्या बरं," त्या म्हणाल्या. आजींनी पंप दाबला आणि मग श्वास ओढला. औषध जिभेवरच राहिलं. डोस वाढवायची गरजच नव्हती. आधी श्वास पूर्ण सोडा, पंप दाबतानाच सावकाश आत घ्या, दहा अंक मोजेपर्यंत रोखा. हे त्यांनी पुन्हा पुन्हा करून घेतलं. कॅप्सूलच्या यंत्रातली पूड उलट जोरानं ओढावी लागते आणि दोन्ही वापरणारे हमखास गोंधळतात. ओपीडीच्या गर्दीत हे बघायला कोणाला सवड असते?

तरीही तज्ज्ञाचा सगळा भरवसा पलीकडच्या हातांवर असतो, आणि ते हात कंत्राटी आहेत. सीएचओ बदलली की तो भरवसा नव्यानं बसवावा लागतो. ॲपपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

तपासताना रुग्णाला एक वाक्यही सलग बोलता येईना, तर लगेच १०८ला फोन. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय उपकेंद्रापासून शंभरावर किलोमीटर. गाडी येईपर्यंत डॉक्टर पडद्यावरच थांबतात: नेब्युलायझर लावा, ऑक्सिजन हळूहळू वाढवा. जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार) असेल तर ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ पुरे. त्याहून वर नेला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्णाला गुंगी येऊ शकते.