विश्लेषण : थुंकीतला क्षयजंतू अंधारात चमकतो कसा?

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, असे आरोग्य विभाग सतत सांगत असतो. छत्रपती संभाजीनगर-जालना रस्त्यावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कामगाराने असा नमुना दिला, तर पुढे त्याचे काय होते? सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत उत्तर बऱ्याचदा एका पिवळ्या रंगद्रव्यावर आणि निळ्या प्रकाशावर अवलंबून असते.

जंतू रंगवावा का लागतो?

क्षयाचा जंतू साधारण २ ते ४ मायक्रॉन लांबीचा आणि जवळपास पारदर्शक असतो. रंग दिल्याशिवाय तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी या जंतूचा शोध जाहीर केला, तोही रंगवण्याची पद्धत जमल्यामुळेच. पुढे झील-नील्सन ही पद्धत रूढ झाली. तीत जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लाल काडीसारखा दिसतो.

चमकणारा रंग वेगळा कसा?

साधा रंग प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो. प्रतिदीप्त म्हणजे फ्लुओरेसंट रंग शोषलेला प्रकाश वेगळ्या रंगात परत सोडतो. क्षयाच्या तपासणीत ‘ऑरामाइन-ओ’ हे रंगद्रव्य वापरतात. मुळात ते कापड आणि कागद रंगवण्यासाठी वापरात आले. त्यावर निळा प्रकाश टाकला की ते पिवळसर हिरवे चमकते. सूक्ष्मदर्शकातील फिल्टर निळा प्रकाश अडवतो आणि ही चमक तेवढी डोळ्यापर्यंत येऊ देतो. अमावास्येच्या रात्री चांदण्या दिसाव्यात, तसे काळ्या पार्श्वभूमीवर जंतू दिसतात.

रंग फक्त जंतूलाच कसा लागतो?

खरे तर रंग काचेवरच्या सगळ्याच पेशींना लागतो. फरक धुतल्यावर कळतो. क्षयजंतूच्या भिंतीत मायकोलिक आम्ल हा मेणासारखा पदार्थ असतो. तो एकदा घेतलेला रंग सोडत नाही. त्यामुळे आम्लमिश्रित अल्कोहोलने धुतल्यावर इतर पेशींचा रंग निघून जातो, जंतूचा टिकतो. शेवटी पोटॅशियम परमँगनेटने उरलेली पार्श्वभूमी काळी केली जाते. झील-नील्सनमध्ये काच तापवावी लागते. इथे ती गरज नाही.

फायदा काय?

झील-नील्सनची काच हजारपट मोठी करून पाहावी लागते. चमकणारा जंतू २०० ते ४०० पटीतही दिसतो. म्हणजे एका नजरेत काचेचा बराच मोठा भाग तपासून होतो आणि वेळ वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ही पद्धत सरासरी सुमारे १० टक्के अधिक संवेदनशील आहे. पूर्वी यासाठी महागडा पाऱ्याचा दिवा आणि अंधारी खोली लागत असे. एलईडी दिवे आल्यावर ही अडचण दूर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये एलईडी सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली आणि भारतातही तो वापरात आला.

मर्यादा कोणत्या?

एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू असतील, तरच ते काचेवर सापडण्याची शक्यता असते. त्याहून कमी असतील तर अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. म्हणून आता निदानासाठी सीबीनॅट आणि गोव्यातील कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट या जनुकीय चाचण्यांना प्राधान्य दिले जाते. मात्र त्या मेलेल्या जंतूंचेही डीएनए पकडतात. त्यामुळे उपचार लागू पडत आहेत का, हे पाहण्यासाठी काचेवरची तपासणी अजूनही होते. ऑरामाइनलाही जिवंत-मृत असा भेद कळत नाही. शिवाय प्रकाशात त्याची चमक ओसरत जाते. म्हणून रंगवलेल्या काचा अंधारात ठेवून लवकर पाहाव्या लागतात.

जिवंत आणि मृत पेशी ओळखणारे रंग असतात का?

असतात. संशोधन प्रयोगशाळांत ‘कॅल्सीन-एएम’ वापरतात. जिवंत पेशीतील विकरे त्याचे रूपांतर हिरव्या चमकणाऱ्या द्रव्यात करतात. ‘प्रोपिडियम आयोडाइड’ला धड पेशीत शिरता येत नाही. आवरण फाटलेल्या मृत पेशीत शिरून ते डीएनएला चिकटते आणि लाल चमकते. एकाच काचेवर हिरव्या आणि लाल पेशी मोजल्या, की एखाद्या औषधाने किती पेशी मारल्या हे कळते.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

रंग कितीही चांगला असला तरी नमुना चुकीचा असेल तर उपयोग नाही. तोंडातली लाळ नव्हे, तर खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका द्यावा. दोन नमुने मागितले तर दोन्ही द्यावेत. त्यातला एक सकाळी उठल्याबरोबरचा असावा. रात्रपाळी करणाऱ्याने तो झोपून उठल्यावर द्यावा. एका खोलीत चार-पाच जण राहत असतील, तर एकाचा उशीर सगळ्यांना भोवू शकतो. सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार सुरू असताना पोषणासाठी दरमहा १,००० रुपयेही मिळतात. धुळीचा खोकला म्हणून तो अंगावर काढण्यापेक्षा एक सुट्टी टाकून नमुना दिलेला बरा.