पाऊणकी आणि भरती

पाऊणकी आता म्हणतं कोण? रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे जुने मच्छीमार मात्र तिच्यावरच भरती ओळखतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. एखाद्या आजोबांनी जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांना धक्क्यावर बसवून हे शिकवलं, तर अपूर्णांक आणि चंद्रकला एकाच तासात उरकतील!

बालभारतीने तिसरीसाठी परिसर अभ्यासाचं जिल्हावार पुस्तक काढलं, हे चांगलंच झालं. पण उधाण आणि भांग पुस्तकात किती मावणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण हिस्सा पालकांना दिला (इथेही पाऊणच!) आणि निम्म्या जागा महिलांना. या मंडळींशी आपण बोलतो ते खिचडी आणि गळक्या कौलांबद्दल. शिकवायला या, असं त्यांना क्वचितच कोणी म्हणतं.

२०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव सरकारने पुढे आणला. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे तोट्यातली शाखा बंद करण्यामागचा हिशेब मला समजतो. पण वाडीतली शाळा लांब गेली, तर पोरं एसटीने जातील. आजोबा धक्क्यावरच राहतील.