यंत्राने पायरी ठरवू नये!

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. विद्यार्थ्याने काय शिकावे, हे तेव्हा जात ठरवीत होती. आता संगणक ठरवू लागला आहे. उत्तर चुकले की सोपा धडा, बरोबर आले की अवघड! केंद्र सरकारने 2019 साली तंत्रशिक्षण परिषदेमार्फत अशाच प्रणालींची योजना आणली. आमचा यंत्राला विरोध नाही. पण वस्तीतल्या मुलाचे उत्तर गणित न आल्याने चुकले की प्रश्नाचे इंग्रजी न कळल्याने, हे यंत्राला कोण सांगणार? तो सोप्या धड्यातच अडकून पडेल. म्हणून प्रश्न मराठीतही हवेत, अवघड धडा सर्वांना खुला हवा आणि यंत्राचा निर्णय फिरविण्याचा अधिकार शिक्षकाला हवा. अन्यथा ही नवी वर्णव्यवस्थाच ठरेल!