‘द चोझन’ : न बोलणारा बाप



‘द चोझन’ म्हटलं की हल्ली येशूच्या जीवनावरची मालिका समोर येते. मी सांगतोय तो सिनेमा त्याच नावाचा, पण यहुदी घरांतला, १९८१ चा. दिग्दर्शक जेरेमी केगन. मूळ कादंबरी खाईम पोटोक यांची, १९६७ ची. पोटोक स्वतः रब्बाय होते, म्हणून तालमुदचा अभ्यास असो की बापलेकांमधला मान, काहीच ओढूनताणून आणलेलं वाटत नाही.

गोष्ट सुरू होते १९४४ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमध्ये. दोन यहुदी शाळांचा बेसबॉलचा सामना चाललाय. डॅनीने टोलवलेला चेंडू रूवेनच्या डोळ्यावर बसतो आणि त्याला हॉस्पिटलात न्यावं लागतं. डॅनी माफी मागायला येतो, आणि पुढे दोघांची घट्ट दोस्ती होते. रूवेनचे वडील विद्वान, झायोनिस्ट, मुलाशी मोकळेपणी बोलणारे. डॅनीचे वडील रेब सॉन्डर्स हे हसीदी पंथाचे गुरू. त्यांची गादी बापाकडून मुलाकडे जाते, म्हणजे डॅनीचं आयुष्य जन्मापासूनच ठरलेलं. पण पोराची बुद्धी अफाट. तो चोरून वाचनालयात जातो, मानसशास्त्राची पुस्तकं वाचतो.

आणि रेब सॉन्डर्स मुलाशी बोलतच नाहीत. तालमुद शिकवताना बोलतील तेवढंच, पुस्तक मिटलं की तोंडही मिटलं. पाहताना आपल्याला राग येतो. हा कसला बाप?

उलगडा शेवटी होतो. डॅनी चार वर्षांचा असताना त्याने एका दुःखी माणसाची गोष्ट वाचली आणि बापाला घडाघडा म्हणून दाखवली. गोष्टीतल्या माणसाचं त्याला काहीच वाटलं नव्हतं, आपल्याला सगळं पाठ आहे याचाच आनंद. बाप घाबरला. एवढं डोकं आणि काळीज नाही, असा मुलगा लोकांचा गुरू कसा होणार? म्हणून त्याने अबोला धरला, की एकटेपणाचं दुःख सोसून पोराला दुसऱ्याचं दुःख कळावं. त्याच्या स्वतःच्या बापानेही त्याला असंच वाढवलं होतं.

हे सगळं ते मुलाला समोरासमोर सांगत नाहीत. डॅनी तिथेच बसलेला असतो, पण बाप बोलतो रूवेनशी! मला सिनेमातली सगळ्यात मोठी जागा हीच वाटते. बापाला ठाऊक होतं की हा दुसऱ्याचा मुलगा आपल्या घरातला पूल आहे. मधल्या काळात झायोनिझमवरून त्यांनीच दोघांचं बोलणं बंद केलं होतं, इस्राएल झाल्यावर ते पुन्हा सुरू झालं. शेवटी डॅनी गादी सोडून मानसशास्त्र शिकायला जातो, आणि रब्बाय व्हायचं ठरवतो तो रूवेन.

मला विचाराल तर अबोल्याचा मार्ग पटत नाही. काळीज घडवायला इतकं जाळावं लागत नाही. आपल्याकडे डेव्हिड राहाबींची आठवण सांगतात, त्यांनी झिराड, शापूर आणि राजपूरच्या घराण्यांतले तिघे तरुण निवडले, त्यांना प्रार्थना आणि विधी शिकवले, आणि तेच पुढे समाजाचे काजी झाले. म्हणजे आपल्यातही तरुणांना बापाबरोबर गुरू लागलाच. पण तिथे शिकवणं जवळ बसवून झालं असणार.

आपले वडीलही कमी बोलायचे, पण ते गिरणीतून, रेल्वेतून थकून आल्यामुळे. त्यामागे काही योजना नव्हती. इथे आपल्याला तर तेही निमित्त नाही. नातू हिब्रूत भरभर बोलतो, आपण मराठीत विचार करतो, आणि दोघं टीव्हीकडे बघत बसतो. तेराव्या वर्षी बार मित्सवा झाला, तेफिलीन बांधलं, मिठाई वाटली. अठराव्या वर्षी पोरगा सैन्यात जातो. मधली पाच वर्षं त्याच्याशी कोण बोलतं? बाप कामावर. मग आजोबा, मामा, सिनेगॉगमधले म्हातारे, कुणी तरी पाहिजेच ना?

सिनेमा इंग्रजीत आहे, म्हणून एकट्याने पाहू नका, नातवाला शेजारी घ्या. पोरांना इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं कळतं, त्यालाच समजावून सांगायला लावा. आणि रेब सॉन्डर्स बरोबर की चूक, हे त्याला विचारा. उत्तर मोडक्यातोडक्या मराठीत आलं तरी मध्येच दुरुस्त करू नका.