लॅपटॉप नवा, चिप नवी. मग गेम का अडतो?

बारावीनंतर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला की घरात लॅपटॉपची चर्चा सुरू होते. वसई-विरारकर स्टेशनजवळच्या दुकानात चौकशी करतात किंवा लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठतात. पालक अभ्यासासाठी घेतात, मुलाच्या डोक्यात मात्र व्हॅलोरंट असतो. घोळ इथेच होतो, कारण दुकानात आता दोन वेगळ्या जातींचे विंडोज लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले असतात.

क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन एक्स चिप असलेले लॅपटॉप जून २०२४ पासून जगभर विक्रीला आले. तुमच्या हातातल्या फोनमध्ये असते, त्याच आर्म पद्धतीची ही चिप. ती वीज कमी खाते. रोज विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर जाणाऱ्याला, किंवा ऐन पावसात वीज गेल्यावर सबमिशन पूर्ण करणाऱ्याला, चार्जर न शोधता काम करता येण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

गेमचे गणित मात्र वेगळे आहे. विंडोजचे बहुतेक गेम इंटेल आणि एएमडीच्या एक्स-८६ पद्धतीच्या चिपसाठी लिहिलेले असतात. आर्मला त्या सूचना थेट कळत नाहीत. म्हणून विंडोज ११ मध्ये ‘प्रिझम’ नावाचा दुभाषा बसवला आहे. तो सूचनांचे भाषांतर करतो आणि त्यात थोडी ताकद खर्च होते. शिवाय या लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. सगळा भार चिपमधल्याच अ‍ॅड्रिनो जीपीयूवर पडतो. बाल्डर्स गेट ३ सारखा जड गेम सेटिंग उतरवून सेकंदाला ३० फ्रेमच्या आसपास चालतो. गोष्ट सांगणाऱ्या गेमला तेवढे पुरते. नेमबाजीत ६० फ्रेमची सवय असलेल्याला ते लगेच खटकते.

पण खरी अडचण वेगाची नाहीच. ऑनलाइन गेममध्ये चीटिंग पकडणारा प्रोग्रॅम असतो आणि तो अनेकदा विंडोजच्या गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतो. प्रिझम ड्रायव्हरचे भाषांतर करू शकत नाही. कंपनीने तो आर्मसाठी नव्याने तयार केला नाही, तर गेम हळू चालत नाही, सुरूच होत नाही. व्हॅलोरंटचे ‘व्हॅनगार्ड’ याच जातीचे. तिथे सेटिंग कितीही कमी करा, उपयोग शून्य. उलट एपिक गेम्सने मार्च २०२५ मध्ये फोर्टनाइट या लॅपटॉपवर आणण्याची घोषणा केली, ती आपले ‘इझी अँटी-चीट’ आर्मसाठी तयार करण्याचे ठरवूनच.

त्यामुळे दुकानात ‘गेम चालतात का?’ असे मोघम विचारू नका. गेमचे नाव घेऊन विचारा आणि शक्य तर तिथेच सुरू करून पाहा. चिप ओळखायला सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे ‘सिस्टिम टाइप’ बघा. तिथे ‘आर्म-बेस्ड प्रोसेसर’ लिहिलेले असेल, तर हाच तो लॅपटॉप.