नजरकैदेतल्या वास्तू

रत्नागिरीला आज रेल्वेनं सहज जाता येतं. पण कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्याच्या शंभर वर्षं आधी या गावाच्या पाठीला सह्याद्री होता, पुढ्यात समुद्र, आणि मुंबईशी संबंध मुख्यतः आगबोटीचा. पावसाळ्यात तीही बंद. एखाद्याला त्याच्या माणसांपासून तोडून ठेवायचं, तर इंग्रज सरकारला अशी जागा सोयीची वाटली यात नवल नाही. रत्नागिरीच्या नावाजलेल्या वास्तू मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा हेच मनात येतं. या शहराला ज्यांनी नाव मिळवून दिलं, त्यांतल्या कितीतरी जणांना इथून निघून जायची मुभाच नव्हती.

थिबा राजा हा त्यांतला पहिला. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा नोव्हेंबर १८८५ मध्ये पदच्युत झाला. इंग्रजांनी त्याला मंडालेहून आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. राजवाडा मात्र त्याला लगेच मिळाला नाही. राण्या, मुली आणि नोकरचाकर यांच्यासह तो साध्या बंगल्यांत राहिला. जवळचं जडजवाहीर एकेक करून विकलं गेलं. आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो त्या वास्तूत तो राहायला गेला १९१० च्या अखेरीस, म्हणजे चोवीस वर्षांनी. तोवर वयाची पन्नाशी उलटली होती.

हा वाडा बघायचा तर घाई करू नये. जांभा हा कोकणचा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर राहिला की कठीण होतो. घरं, गडगे, विहिरी सगळं त्याच तांबड्या चिऱ्याचं. पण या वाड्याच्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या आणि त्यांवरची नक्षी पाहिली की कोकणातला माणूसही थबकतो, कारण ही आपल्याकडच्या सुतारकामाची रीत नव्हे. मागच्या चौकात बुद्धाची मूर्ती आहे. उंचावरून भाट्याची खाडी आणि त्यापलीकडचा समुद्र दिसतो. मार्च १९१४ मध्ये राजकन्यांचे कान टोचण्याचा ब्रह्मी समारंभ याच वाड्यात झाला. मुली तोपर्यंत तिशीच्या आसपास पोचल्या होत्या. ज्या विधीनं मुलगी वयात आली असं मानायचं, त्यालाही त्यांना इतकी वर्षं थांबावं लागलं, हे वाचल्यापासून त्या दालनात मला स्वस्थ उभं राहवत नाही.

आता टिळक आळीत जाऊ. तिथलं कौलारू घर आकारानं साधं आहे. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला तो याच घरात. वडील गंगाधरपंत शिक्षक. टिळक कुटुंब तिथं भाड्यानं राहत असे आणि १८६६ मध्ये ते पुण्याला गेलं. ओटी, पडवी, माजघर, कोकणातल्या मध्यमवर्गीय घरात असतं तेच. पण हे घर आणि थिबाचा वाडा एकाच दिवशी पाहावेत असं मी सगळ्यांना सांगतो. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेवर टिळकांना पाठवलं गेलं ते मंडालेला, थिबाच्या राजधानीत. तिथल्या राजवाड्याभोवतीच्या तटबंदीला इंग्रजांनी डफरिन किल्ला असं नाव दिलं होतं आणि तुरुंग त्या तटबंदीच्या आत होता. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी लाकडी कोठडीत बसून पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहिलं. त्याच हिवाळ्यात रत्नागिरीत थिबा आपल्या नव्या वाड्यात स्थिरस्थावर होत होता. रत्नागिरीचा माणूस मंडालेत, मंडालेचा माणूस रत्नागिरीत, आणि दोघांवर पहारा एकाच सरकारचा. टिळक जून १९१४ मध्ये परत आले.

आता रत्नागिरीच्या तुरुंगाचं थोडक्यात सांगतो. अंदमानहून आणलेल्या सावरकरांना रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवलं होतं. ती कोठडी आज स्मारक म्हणून जपली आहे. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याहून त्यांची सुटका झाली, पण जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत लांबली.

या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांच्या पुढाकारानं उभं राहिलं पतितपावन मंदिर. भागोजीशेठ कीर यांनी आपल्या पैशानं ते बांधलं. भंडारी समाजात जन्मलेला हा माणूस मुंबईत बांधकामाच्या ठेक्यांत मोठा झाला होता. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी लक्ष्मीनारायणाच्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. सगळ्या जातींच्या हिंदूंना थेट गाभाऱ्यापर्यंत प्रवेश, ही इथली रीत. काळाराम मंदिरासमोर नाशिकला सत्याग्रह चालू होता तो हाच काळ, हे लक्षात घेतलं की त्या दाराची किंमत कळते. शिल्पकलेच्या दृष्टीनं हे देऊळ अजोड नाही. पण देवळाच्या उंबऱ्याबाहेर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उभं केलं गेलं, त्यांच्या पावलांनी ते मोठं झालं. म्हणून शहरातल्या सगळ्या वास्तूंत मला ते सर्वांत जवळचं वाटतं.

वाडा पाहून लोक परततात. शिवाजीनगरात असलेल्या थिबाच्या समाधीपर्यंत फार थोडे जातात. राजा डिसेंबर १९१६ मध्ये, ५७ व्या वर्षी वारला. नव्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली. देह मायदेशी नेऊ द्यावा, ही राणी सुपायालातची मागणी सरकारनं मानली नाही. १९१९ मध्ये त्याला इथंच, आधी वारलेल्या धाकट्या राणीशेजारी, समाधी देण्यात आली. सुपायालात त्याच वर्षी ब्रह्मदेशात परतली, पण मंडालेला नव्हे. ती १९२५ मध्ये रंगूनला वारली. तिथंच, १८६२ मध्ये, दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर कैदेत मरण पावला होता.

थिबाच्या थोरल्या राजकन्येला राजाच्या एका मराठी नोकरापासून मुलगी झाली होती. ती आपल्या मुलीला घेऊन ब्रह्मदेशातून रत्नागिरीलाच परत आली. ती मुलगी, टूटू, गरिबीत वाढली, इथंच लग्न करून राहिली, मराठीच बोलली आणि २००० साली वारली. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीपुढे येऊन उभे राहिले, तोवर राजाची ही रत्नागिरीकर नात जाऊन बारा वर्षं झाली होती.