बालकांचा इसब : गळक्या भिंतीची डागडुजी

तान्ह्या बाळाच्या गालांवर आणि कपाळावर, पुढे वयाची दोन वर्षे उलटल्यावर कोपराच्या व गुडघ्यामागच्या लवणीत उमटणारे लालसर, खाजरे, कधी पाझरणारे चट्टे म्हणजे बालपणातील सर्वांत सामान्य इसब होय, आणि वैद्यकशास्त्रात त्याला ‘अटोपिक डर्माटायटिस’ असे म्हणतात. ‘अटोपी’ हा शब्द कोका आणि कुक या अमेरिकी संशोधकांनी १९२३ साली ‘विलक्षण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला. आज त्याने दमा, ॲलर्जीची सर्दी आणि हा इसब यांच्याकडे असलेला आनुवंशिक कल दर्शवला जातो.

घरोघरी या चट्ट्यांचा दोष ‘अंगातल्या उष्णतेला’ किंवा बिघडलेल्या रक्ताला दिला जातो. प्रत्यक्षात बिघाडाचा मोठा भाग त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात असतो. त्या थरातील मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये चुन्याचे काम करतात. ही भिंत घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष इसबाला पोषक ठरतो, हे स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले. अर्थात इसब असलेल्या प्रत्येक मुलात हा दोष असतोच असे नाही. परंतु भिंत गळकी झाली की आतले पाणी उडून जाते, बाहेरचे साबण, धूळ आणि जंतू आत शिरतात, दाह होतो, खाज सुटते आणि खाजवल्याने भिंत आणखी ढासळते. बालकांच्या इसबाचा सारा व्यवहार या चक्राभोवती फिरतो.

म्हणूनच उपचाराचा पाया औषधाआधी अंघोळीत असतो. निरोगी त्वचेची आम्लता दाखवणारा सामू पाचाच्या आसपास, तर साध्या साबणाचा नऊ-दहापर्यंत असल्याने रोजचा फेस कोरड्या त्वचेला मानवत नाही. आपल्याकडे बाळाला कढत पाण्याने न्हाऊ घालून डाळीच्या पिठाने चोळण्याची आणि नंतर शेक-धुरी देण्याची जी प्रेमळ पद्धत आहे, ती धडधाकट त्वचेला एकवेळ सोसते; इसब असलेल्या बाळाला मात्र ते चोळणे, ती ऊब आणि तो धूर तिन्ही त्रासदायकच. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची अंघोळ, सौम्य व सुगंधविरहित क्लेन्झर, टिपून घेतलेले पाणी आणि अंग ओलसर असतानाच लावलेले मॉइश्चरायझर, एवढे पुरते. तेल लावायचेच असेल तर खोबरेल निवडावे. फिलिपाइन्समधील बालकांवरील एका चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरले, तर ऑलिव्ह तेलाने त्वचेची भिंत कमकुवत होत असल्याचे दिसले आहे.

खरी चूक बहुधा मात्रेत होते. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमपर्यंत मॉइश्चरायझर लागू शकते. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवणारे घर ‘फरक पडला नाही’ म्हणते, तेव्हा दोष क्रीमचा नसतो. देशावरच्या कोरड्या हिवाळ्यात दाट मलम, तर कोकणातल्या दमट उन्हाळ्यात, घाम स्वतःच खाज वाढवत असताना, हलके क्रीम सोयीचे पडते.

लाल चट्टे पेटले की स्टेरॉइडचे मलम लागते, आणि इथे पालक दोन टोके गाठतात. काही जण नुसत्या धास्तीने ते दोन दिवसांत बंद करतात. काही जण औषधाच्या दुकानातून तीव्र स्टेरॉइड आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण आणून महिनोन्‌महिने चोळतात, त्यातून त्वचा पातळ होते आणि इसब समजलेले गजकर्ण असेल तर ते पसरते. डॉक्टरांनी चेहऱ्यासाठी वेगळे सौम्य मलम दिले असेल तर तेच तेथे वापरावे. मात्रेचे मापही सोपे आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, त्याच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते.

आहारातून दूध, अंडी, शेंगदाणे काढून टाकण्याची घाई मात्र करू नये. तपासणीशिवाय केलेल्या पथ्याने वाढ खुंटते, इसब क्वचितच जातो. उलट पिवळी खपली धरणे हे जंतुसंसर्गाचे, तर तापासह एकसारखे छोटे, खोलगट फोड उठणे हे नागिणीच्या विषाणूच्याच कुळातील, पण त्याहून वेगळ्या हर्पिस विषाणूच्या संसर्गाचे लक्षण असू शकते, आणि त्यात डॉक्टरांकडे जाण्यास सकाळची वाट पाहायची नसते.